आपल्या गावाकडच्या जुन्या अमेरिकन गाड्या: ओळखायच्या कशा, पाहायच्या कुठे

राजेहो, जुनी अमेरिकन गाडी पाहायची म्हणजे मुंबई-दिल्लीची विंटेज रॅलीच गाठावी लागते असं बऱ्याच पोरांना वाटते. तिकडे इंग्लंडात लोक सुट्टीच्या दिवशी मैदानं भरवतात, इम्पाला अन् मस्टँगसारख्या अमेरिकन गाड्या पाहायला बायकापोरांसगट जातात, त्याचे व्हिडिओ आपण मोबाईलवर पाहत बसतो, अन् इकडे आपल्याच तालुक्यात एखाद्या कापसाच्या जिनिंगच्या कंपाउंडात बोरीच्या झाडाखाली ओहायोच्या टोलेडो शहरात बनलेली विलिज जीप उभी असते तिच्याकडे कोणी मान वळवून पाहत नाही. ते लोखंड दरवर्षी थोडं थोडं कबाड्याकडे चाललं आहे. म्हणून म्हटलं जेवढं माहीत आहे तेवढं एकदा लिहून काढतो, म्हणजे रस्त्यानं जाता-येता तुमची नजर तरी तयार होईल.

पहिले हे समजून घ्या की ह्या गाड्या आपल्याकडे आल्या कशा, कारण ते कळलं की कोणत्या ठिकाणी काय सापडेल ते आपोआप कळते. जनरल मोटर्सनं १९२८ मध्ये मुंबईला शिवडीत कारखाना टाकला अन् तिथं सुट्या भागांतून शेवरलेट जोडायला सुरुवात केली, मागून फोर्डही आली. त्या काळात वऱ्हाडात कापसाचा पैसा होता, नागपूर-भंडारा-चांद्याकडे मालगुजार म्हणजे जमीनदार होते, म्हणून देशमुखांच्या वाड्यात, जिन-प्रेसच्या शेठकडे अन् मालगुजाराच्या कोठ्यात ह्या मोटारी आल्या. दुसरी वाट दुसऱ्या महायुद्धाची. बर्मा आघाडीसाठी अमेरिकेनं जीपा अन् ट्रक आसामपर्यंत ओतले होते, युद्ध संपल्यावर ते सगळं विकायला निघालं, त्यालाच आपले जुने लोक अजून डिस्पोजलची गाडी म्हणतात. अन् तिसरी वाट म्हणजे इथंच लायसन्स घेऊन बनवलेल्या. महिंद्रानं १९४७ पासून विलिज जीप जोडायला घेतली, वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सनं कुर्ल्याला क्रायस्लर कंपनीच्या डॉज, प्लिमथ, डिसोटो अन् फार्गो काढल्या, अन् बिर्लांच्या हिंदुस्तान मोटर्सनं स्टुडबेकर जोडली. मग १९५३ मध्ये सरकारनं ठरवलं की नुसती जोडणी चालणार नाही, भाग इथंच बनवायचा कार्यक्रम पाहिजे, तेव्हा जनरल मोटर्स अन् फोर्ड गाशा गुंडाळून गेले. आपल्याकडे तीस-चाळीस-पन्नासच्या दशकातल्या अमेरिकन गाड्या दिसतात अन् साठनंतरच्या अगदीच विरळ, त्याचं कारण हे.

आता जीप. आपल्या भागात खरी मजा जीपमध्येच आहे, म्हणून तिच्यावर जास्त बोलतो.

जीप दिसली की रंग पाहू नका, टायर पाहू नका, पुढच्या जाळीच्या उभ्या फटी मोजा. नऊ फटी असल्या तर युद्धकाळातली, म्हणजे विलिज एमबी नाहीतर फोर्ड जीपीडब्ल्यू. सात असल्या तर युद्धानंतरची नागरी जीप. दुसरी खूण हेडलाइटची, युद्धाच्या जीपचे दिवे जाळीच्या आतल्या बाजूला दबलेले असतात, सीजे-२ए ह्या नागरी मॉडेलचे दिवे मोठे अन् बाहेर आलेले. आणखी एक, युद्धाच्या जीपचा हेडलाइट एक चुटकीचा नट सैल करून मागे इंजिनाकडे वळवता येते, रात्री बॉनेट उघडून काम करायचं तर वेगळ्या टॉर्चची गरजच नाही. मालकाला विचारून हे एकदा करून पाहा, मला तर त्या काळच्या इंजिनिअरच्या डोक्याचं अजूनही नवल वाटते. ह्या जीपला मागे फळका नसते, स्टेपनी मागच्या पत्र्यावर टांगलेली असते, पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते अन् पेट्रोल भरायला सीटच उचलावी लागते. सीजे-२ए ला मागे उघडणारा फळका आहे, स्टेपनी बाजूला गेली, पेट्रोलचं तोंड बाहेरून आहे अन् बॉनेटच्या बाजूवर विलिज हे नाव पत्र्यातच उठवलेलं असते. १९४९ च्या सीजे-३ए ला समोरची काच एकच अखंड, त्याच्या आधीच्यांना दोन तुकड्यांची.

अन् उंच बॉनेटची जी जीप आपण लहानपणापासून फॉरेस्टवाल्यांकडे, पोलिसांकडे, निवडणुकीच्या प्रचारात पाहिली ती सीजे-३बी. तिचं बॉनेट उंच होण्याचं कारण आतलं इंजिन आहे. जुन्या विलिजचं इंजिन साइड-व्हॉल्व्ह होतं, २.२ लिटर, ६० हॉर्सपॉवर, दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये खाली, त्यामुळे बुटकं. १९५३ मध्ये आलेल्या सीजे-३बी च्या हरिकेन इंजिनात आत घ्यायचा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेला, ताकद वाढली पण इंजिनाची उंचीही वाढली, मग बॉनेट उचलल्याशिवाय बसेना. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ ला बंद झालं, महिंद्रानं मात्र त्याच्या नंतरही कितीतरी वर्षं चालवलं, म्हणून आपल्याकडे दहा जुन्या जीपा दिसल्या तर बहुतेक सगळ्या ह्याच घराण्यातल्या निघतात. पुढे डिझेल आलं, महिंद्राच्या एमएम ५४० मध्ये प्युजोचं डिझेल इंजिन, ती जीप चांगलीच आहे पण आवाज ऐकला की लगेच वेगळी कळते.

विलिज अन् फोर्ड ह्या दोघांत फरक करायचा असेल तर वाकावं लागते. दोन्ही कंपन्यांनी एकाच नकाशावर जीप बनवली, विलिजनं साडेतीन लाखांवर अन् फोर्डनं पावणेतीन लाखांवर, पण चेसिसच्या, म्हणजे खालच्या सांगाड्याच्या, पुढच्या टोकाला रेडिएटरखाली जो आडवा दांडा आहे तो विलिजमध्ये गोल पाइपाचा अन् फोर्डमध्ये चौकोनी, उलट्या पन्हाळीच्या आकाराचा. शिवाय फोर्डनं आपल्या भागांवर इंग्रजी एफ अक्षर ठोकलं, बोल्टच्या डोक्यावरसुद्धा. कापसाच्या बोळ्यानं ग्रीस पुसून बोल्टावर तो बारीकसा एफ सापडला की काय आनंद होते ते ज्याला सापडला त्यालाच माहीत! पण एका बोल्टवरून निकाल देऊ नका, ऐंशी वर्षांत मिस्त्र्यांनी ह्याचे त्याला अन् त्याचे ह्याला लावले आहेत, विलिजच्या चेसिसवर फोर्डची बॉडी हे तर सर्रास. नंबर पाहायचा असेल तर विलिजची बारकी पाटी डावीकडच्या चेसिसच्या दांड्याला आतून, बंपरच्या मागे रिबिट केलेली असायची, फोर्डनं नंबर त्याच डाव्या दांड्याच्या वरच्या अंगावर ठोकला. पाटी बहुतेक वेळा गेलेली असते, ठोकलेला नंबर मात्र गंजाखाली टिकून राहते.

स्टिअरिंग डावीकडे आहे म्हणून गाडी युद्धातलीच, असं समजू नका. इथं बनलेल्या कितीतरी जीपासुद्धा डाव्या स्टिअरिंगच्या होत्या, मागच्या पत्र्यावर तसं रंगवून लिहिलेलं असायचं. अन् हल्ली नऊ फटीची चकाचक हिरवी जीप, पांढरा तारा वगैरे काढलेली, लग्नाच्या वरातीत दिसली की थोडं थांबा. हरियाणात मंडी डबवालीला अशा बॉड्या नव्यानं बनतात, खाली महिंद्राचं चेसिस अन् डिझेल इंजिन असते. त्यात वाईट काही नाही, पोरं हौसेनं घेतात, घेऊ द्या, फक्त तिला युद्धातली म्हणू नका. पत्रा कोणीही नवा वाकवू शकते, म्हणून चेसिस, इंजिन ब्लॉक अन् ॲक्सल ह्यांच्यावरच विश्वास ठेवा.

जोंगाचंही सांगून टाकतो कारण जबलपूर आपल्याला जवळ अन् आर्मीच्या लिलावातून इकडे बऱ्याच आल्या. जोंगा जीपहून चांगली मोठी, सहा सिलिंडरचं जवळपास चार लिटरचं पेट्रोल इंजिन, लोक तिला मोठी विलिज समजतात. ती जबलपूरच्या कारखान्यात बनली, डिझाइन जपानच्या निसानचं. जबरदस्त गाडी, पण अमेरिकन नाही.

ट्रकांची गोष्ट जरा दुखरी आहे कारण अख्खा ट्रक आता क्वचितच सापडते. कुर्ल्याची डॉज अन् फार्गो एकेकाळी कापसाच्या गाठी अन् संत्र्याच्या पेट्या वाहायच्या, गोल फुगीर बॉनेट, त्याच्या दोन बाजूंना वेगळे उठलेले मडगार्ड, ही त्यांची ओळख. १९५४ मध्ये टाटा-मर्सिडीज आली अन् हळूहळू रस्ता तिचा झाला. युद्धातले फोर्ड अन् शेवरलेट ट्रक दिसले तर त्यांचा चेहरा पाहा. नाक एकदम आखूड, जाळी लोखंडी, अन् समोरची काच वरच्या बाजूनं पुढे झुकलेली, म्हणजे नेहमीच्या ट्रकाच्या उलट. असे ट्रक फोर्ड अन् जनरल मोटर्सच्या कॅनडातल्या कारखान्यांत बनले, काच तशी ठेवली कारण वरून जाणाऱ्या विमानाला उन्हात काच चमकलेली दिसू नये. असा तुकडा कुठं पडलेला दिसला तर फोटो घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. बाकी ट्रक म्हणून मेले तरी त्यांचे अवयव जिवंत आहेत, कुठं पाण्याच्या टँकरखाली जुनं चेसिस, कुठं ट्रॉलीला मागचा ॲक्सल, कुठं टायरच्या बैलबंडीला. शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीला, गेले तर बैल पाहून झाल्यावर आजूबाजूला उभ्या बंड्यांचे ॲक्सलही पाहा, हब अन् ड्रमवर ओतीव अक्षरं असतात, कधीकधी नावच वाचता येते.

मोटारी म्हणजे कार वाड्यातच सापडतील अन् झाकलेल्या सापडतील. बॉनेटच्या टोकावरची मूर्ती राहिली असेल तर काम सोपं: जहाज असलं तर प्लिमथ, शिंगं असलेला मेंढा असला तर डॉज, अमेरिकन आदिवासी सरदाराचं डोकं असलं तर पाँटिअॅक. शेवरलेटचा तिरपा आडवा बो-टाय सगळ्यांना माहीत आहे. बॉनेटच्या बाजूला ओळीनं गोल भोकं असली तर १९४९ किंवा त्याच्या नंतरची ब्युइक. समोरची काच मधोमध दांडी देऊन दोन तुकड्यांची असली तर साधारण १९५० च्या आतबाहेरची समजा. फोर्ड व्ही-८ असेल तर बॉनेट उघडायला लावा, १९३२ पासूनचं ते बुटकं आठ सिलिंडरचं इंजिन एकदा पाहिलं की विसरत नाही. इम्पाला मिळाली तर नशीबच, १९५८ पासूनची. मागे दोन्ही बाजूंना तीन-तीन गोल दिवे ही तिची ओळख, पण १९५९ ला मागे आडवे पसरलेले पंख अन् मांजराच्या डोळ्यासारखे दिवे. अँबेसिडर मात्र ह्यात धरू नका, ती इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून आली, अन् जुनी फियाट इटलीची.

नंबर प्लेटवरून वय काढता येईल असं वाटते पण जपून. एमएच ३१, एमएच २९ असे नंबर १९८९ नंतरच्या पद्धतीचे, त्याच्या आधी बहुतेक तीन अक्षरं अन् पुढे आकडे असायचे. म्हणून १९४४ च्या जीपवर एमएच २७ दिसलं तर तिची नोंदणी नंतर पुन्हा झाली एवढाच अर्थ.

कुठं पाहायचं ते आता. हिंगणघाट, वणी, अकोट, खामगाव ह्या कापसाच्या गावातली जुनी जिन-प्रेस, तिथल्या कंपाउंडाच्या मागच्या भिंतीकडे. कामठीसारख्या छावणीच्या गावातली जुनी गॅरेजं. मनसर-डोंगरी भागातल्या मँगनीज खाणी अन् उमरेड-वणीचा कोळसा पट्टा, खाणीत ठेकेदारांकडे जीप लागायचीच. मेळघाटात धारणी-सेमाडोहकडे अजून कामातली जीप दिसते. अन् तालुक्याच्या गावचा सगळ्यात म्हातारा मोटार मिस्त्री, हा माणूस शोधाच. कोणाकडे काय होतं, कोणी कोणाला विकलं, इंजिन कोणत्या गाडीत गेलं हे सगळं त्याच्या डोक्यात असते. त्याच्याकडे जायचं तर सकाळी गर्दी व्हायच्या आत जा, चहा सांगा, अन् घाई करू नका. एखादं जुनं कार्बोरेटर उघडून बसला असेल तर तेच पाहत बसा, दोन तासांत जेवढं शिकाल तेवढं कुठं मिळत नाही.

वेळ म्हणाल तर दिवाळी ते होळी. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जाते अन् पेट्रोल जीप दुपारी चढावर बसते, कारण इंजिनाच्या पंपात अन् पाइपात पेट्रोलची वाफ होते अन् कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल पोचतच नाही. जुने ड्रायव्हर इंजिनाच्या ह्या पंपावर ओलं फडकं बांधायचे ते ह्याच्यासाठी, अन् ते अजूनही काम करते. पण पावसाळ्यात एक दिवस राखून ठेवा. काळ्या मातीत, जिथं ट्रॅक्टरही सांभाळून घालतात, तिथं जुनी फोर-बाय-फोर जीप लो गिअरमध्ये टाकून कोणी हळूहळू काढून राहिला असेल तर ते पाहाच, खाली तीन दांड्या असतात, एक गिअरची अन् दोन बारक्या फोर व्हील अन् लो-हायच्या, ड्रायव्हरचा हात कोणत्या दांडीवर केव्हा जाते ते पाहण्यात खरी मजा आहे.

मालकाशी बोलायची रीत हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, इथं पोरं बिघडवतात. पहिलंच वाक्य "कितीले देता जी?" असं गेलं की माणूस बंद होते. त्यांच्याकडे दर आठवड्याला कोणी ना कोणी दलाल येतच असते. तुम्ही असं विचारा, "काकाजी, डिस्पोजलची आहे काय जी गाडी? कोणी आणली होती?" मग पाहा. "आमच्या आबाजीनं आणली होती ना बाप्पा," तिथून सुरुवात होते अन् रेल्वेनं कशी आली, ड्रायव्हर कोण होता, पोळ्याच्या दिवशी बैलांसोबत गाडीलाही कसा झूल-बाशिंग व्हायचं, सगळं निघते. परवानगीशिवाय आत बसू नका, दार नसलं तरी. धूळ बसलेल्या बॉनेटवर बोटानं नाव लिहू नका, कोरड्या फडक्यानं पुसूही नका, दोन्हीनं रंगावर ओरखडे पडतात. पँटचा बक्कल लावून गाडीला टेकून फोटो काढणं तर अजिबात नाही.

स्टार्ट करून दाखवतो म्हणाले तर गाडीच्या बाजूला उभे राहा, मागे नाही. युद्धाच्या जीपला स्टार्टर पायानं दाबायचा असतो, चोक ओढला, पाय दाबला, दोन-तीनदा घुरघुरून इंजिन लागलं की मग जी संथ, जड ठेक्याची चाल लागते ती ऐका. कॉम्प्रेशन कमी असते म्हणून ते इंजिन कमी फेऱ्यांवर निवांत चालते. वायपर हातानं फिरवायचा असेल तर तोही फिरवून पाहा.

एक गोष्ट मालकाला आवर्जून सांगा. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते, गाडीचे जुने रबरी पाइप अन् तिच्या पंपाचं डायफ्राम त्यानं फुगते, चिरते, मग गळती अन् आगीची भीती. नवे इथेनॉल सहन करणारे पाइप बसवायला खर्च फार नाही, अन् गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकी अन् कार्बोरेटर रिकामं करून ठेवलेलं बरं.

कागदाचंही थोडं. २०२१ मध्ये केंद्रानं विंटेज वाहनांचे नियम केले, ५० वर्षांवरची अन् मूळ रूपात असलेली दुचाकी-चारचाकी त्यात नोंदवता येते, नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए येते, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, नोंदणी १० वर्षांची, पुन्हा करायला ५,००० रुपये. पण अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही, फक्त प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामाला रस्त्यावर काढता येते. म्हणून ज्याची जीप अजून वावरात जाते, खत-बियाणं आणते, त्याला उगाच व्हीए नंबरच्या मागे लावू नका, तिची नेहमीची नोंदणी अन् फिटनेस वेळेवर करून घेतलेलं त्याच्या कामाचं. डिझेल इंजिन टाकलेल्या जीपला मूळ रूप म्हणणं तसंही कठीण.

फोटो काढताना समोरून एक, बाजूनं एक, मग जाळी, डॅशबोर्डच्या पाट्या, चेसिसचा पुढचा दांडा, इंजिनावरची ओतीव अक्षरं. मोटार असेल तर बॉनेटखाली डॅशच्या मागच्या पत्र्यावर कंपनीची पाटी असते, तिचा फोटो सोडू नका. ऑनलाइन टाकताना नंबर अन् गावाचं नाव झाका, नाहीतर आठ दिवसांत दलाल दारात येतात. एक चांगला फोटो प्रिंट काढून मालकाला नेऊन द्या, अन् पाटीवरचा नंबर, बनल्याची तारीख, मॉडेल हे एका कागदावर मराठीत नीट लिहून सोबत द्या. बऱ्याच घरात म्हातारा गेल्यावर पोरांना गाडी काय आहे हेच माहीत नसते अन् किलोच्या भावात जाते, तो कागद आरसी बुकात ठेवायला सांगा.